कडेवर पोर, खांद्यावर पडशी

"पोरीला इथंच ठेव आणि तू एकटी जाऊन ये," असा निकाल केडगावच्या आमच्या ओसरीवर एकमताने लागला, तेव्हा मी आत चहा गाळत होते आणि त्या प्रकरणी माझे मत कोणी विचारलेही नव्हते.

गोष्ट २०१६ सालच्या एप्रिलमधली. यजमान कंपनीच्या कामासाठी शिकागोला जाऊन नऊ महिने झाले होते. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पेपर तपासून झाले की सुट्टी, त्या सुट्टीत शिकागोला जायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. कन्यारत्न तेव्हा सव्वादोन वर्षांचे. सासर दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे केडगाव. घराच्या मागे ऊस, हंगामात गुऱ्हाळाचा वास, आणि घरात नातीवर जीव टाकणारी दोन माणसे. तिला ठेवून जायला याहून चांगली जागा कुठली?

सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. "वीस-बावीस तास अंतराळात बसायचं. पोर रडली तर? ताप आला तर? तुला तू दोनच हात, त्यात एवढं सामान!" बाकीच्या प्रश्नांना माझ्यापाशी उत्तरे होती. दोन हातांचा हिशेब मात्र मला काही केल्या जमत नव्हता.

निकाल फिरवला तो मामंजींनी. ते निवृत्त शिक्षक. बोलतात कमी, पण बोलले की तारीखवार बोलतात. म्हणाले, "आपल्याच गावच्या रमाबाई दोन वर्षांची पोर घेऊन विलायतेला गेल्या होत्या. अठराशे त्र्याऐंशी साली. तेही बोटीनं. सूनबाईला तर एक रात्र नि एक दिवस काढायचाय."

मी चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले. पंडिता रमाबाई म्हणजे माझा शिकवण्याचा विषय! त्यांचे अमेरिकेचे प्रवासवृत्त, १८८९ साली प्रसिद्ध झालेले, मी वर्गात किती वेळा तरी शिकवले आहे. त्यातली भाषा, त्यातली निरीक्षणे, स्त्रियांविषयीचे विचार, सगळ्यावर टिपणे दिली आहेत. त्या प्रवासात त्यांच्याबरोबर एक मूल होते, ही गोष्ट मात्र माझ्या टिपणांत कुठेच नव्हती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. मनोरमेचा जन्म एप्रिल १८८१चा. ती दहा महिन्यांची असताना वडील बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून रमाबाईंनी प्रवासाचे पैसे उभे केले आणि एप्रिल १८८३मध्ये त्या मुंबईहून बोटीत बसल्या, तेव्हा मनोरमेला नुकती दोन वर्षे पुरी झाली होती. सुवेझचा कालवा होऊन चौदा वर्षे झाली होती म्हणून बरे. तरी तीन-चार आठवड्यांचा प्रवास. सोबतीला आनंदीबाई भगत होत्या, पण त्याही इंग्लंडला पोचल्यावर काही महिन्यांतच वारल्या. नंतर १८८६च्या हिवाळ्यात रमाबाई लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या, ११ मार्चला आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळायची होती त्या समारंभासाठी. अटलांटिक महासागर, ऐन थंडी, आणि बरोबर पाच वर्षांचीही पुरी न झालेली मनोरमा. बोट हेलकावे खात असेल तेव्हा त्या पोरीला कोणी धरले असेल? रमाबाईंना स्वतःला बोट लागली असेल तर? इतकी वर्षे शिकवूनही मला हे प्रश्न पडले नव्हते. स्वतःचे तिकीट काढायची वेळ आली तेव्हा पडले.

पुढची गोष्ट मी मामंजींना सांगितली नाही, कारण ती माझ्या बाजूची नव्हती. अमेरिकेत व्याख्याने देत गावोगाव हिंडायचे होते म्हणून रमाबाईंनी मनोरमेला इंग्लंडला परत पाठवले. म्हणजे लेकीला घेऊन जाणाऱ्याही त्याच, आणि काळजावर दगड ठेवून दूर ठेवणाऱ्याही त्याच. हीच मनोरमा पुढे मोठी होऊन केडगावच्या मुक्तिसदनात आईच्या खांद्याला खांदा लावून राबली. १९२१मध्ये ती गेली. आई तिच्यामागे वर्षभरही राहिली नाही. त्यांनी बरे केले की वाईट, हे ठरवणारी मी कोण? मला लेकीला न्यायचे होते, एवढेच मला ठाऊक होते.

असो. आता विमानाकडे वळू.

पहिली गोष्ट कागदांची. पूर्वी लहान मुलांची नावे आईच्या पासपोर्टात लिहून भागत असे. आता तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो पाच वर्षांचाच मिळतो. व्हिसाही वेगळा. वाटेत विमान बदलायचे त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी पाहावे. एकटी आई मूल घेऊन निघाली तर वडिलांचे नोटरीपुढे केलेले संमतिपत्र जवळ असलेले बरे. बापाकडेच पोर न्यायची, आणि त्यासाठी बापाचीच परवानगी खिशात बाळगायची! पण कायदा आपल्या सोयीने विनोद करत नाही. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर परदेशी प्रवासात ते मांडीवर बसते आणि भाडे साधारण दहा टक्के पडते. दोन पुरी झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते. आम्हाला त्या तीन महिन्यांचा चांगलाच भुर्दंड बसला. पण नऊ तास मांडीवर वळवळणारी पोर डोळ्यांपुढे आणल्यावर ते पैसे सत्कारणी लागले असे वाटले.

सामान बांधताना सासूबाईंनी पिशवीत तीन वस्तू घातल्या: रव्याचे लाडू, नाचणीचे सत्त्व आणि त्यांचे एक मऊ झालेले जुने सुती लुगडे. "पोरीला पांघरायला." मी मनात म्हटले, विमानात कांबळी देतात, हे ओझे कशाला? पण बोलले नाही.

मुंबईचे नवे टर्मिनल २०१४मध्ये सुरू झाले. दारापाशी तिकीट आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे आगगाडीच्या खिडकीशी शेवटच्या शिट्टीपर्यंत निरोप घेण्याची आपली रीत तिथे चालत नाही. काचेपलीकडे सासूबाई पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या, आणि अलीकडे मी एका हाताने बाबागाडी, दुसऱ्याने ढकलगाडी, अशी तिरकी तिरकी चालले होते. दोन हात तिथेच संपले.

स्त्रियांच्या झडतीच्या आडोशात एक तरुण महिला जवान होती. मुलांना बाबागाडीतून उतरवावे लागते. ती गाडी मिटून यंत्रातून जाते. आमच्या कन्यकेला जवानाच्या हातातली ती वाजणारी कांडी हवी होती आणि त्यासाठी तिने भोकाड पसरले. जवानाने कांडी क्षणभर तिच्या पोटावरून फिरवली, मग मला हळूच विचारले, "केवढी आहे?" मी म्हटले, सव्वादोन. "माझीही एवढीच. गावाला आईकडे ठेवलीय," असे म्हणून तिने पुढच्या बाईला हाक मारली.

विमान रात्री दीडच्या सुमारास सुटले आणि पोर अर्ध्या तासात झोपली. मी विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिले. कोणी झोपेचे औषध पाजा म्हणून सल्ला देते, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानू नये. काही मुले त्याने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. विमानातली हवा फार कोरडी असते, दमटपणा जेमतेम दहा-वीस टक्के, म्हणून पाणी थोडे थोडे पाजत राहावे. पाजताना सांडते, म्हणून तिचे दोन जोड आणि आपलाही एक जोड हाताशी ठेवावा. आईचा जोड सगळ्याजणी विसरतात. मीही विसरले होते. शिकागोला मी नाचणीच्या नक्षीचा कुडता घालून उतरले.

आता एक नाजूक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पोर झोपलेली; आईने न्हाणीघरात जायचे कसे? तिला एकटी ठेववत नाही, उठवून त्या कपाटाएवढ्या खोलीत नेववत नाही. शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या. त्यांना विचारायचे माझ्या जिभेवर येई आणि परत जाई. कोणाला कशाला त्रास, हे आपल्या अंगात इतके मुरलेले! मी साडेपाच तास तशीच काढले. शेवटी आजींनीच माझा चेहरा ओळखला असावा. "जा बेटा, हूं बेठी छूं," म्हणाल्या. परत आले तर त्यांनी पोरीच्या केसांतून हात फिरवत ठेवला होता. पुढे मी कोणालाही काहीही मागायला लाजले नाही. हवाई सुंदरीकडून गरम पाणी मागून नाचणीची पेज केली, ती तीनदा.

विमान उतरू लागले की मुले रडतात. आपण म्हणतो हट्ट, पण कान दुखतात. कानापासून घशाकडे एक बारीक नळी जाते. खाली येताना आतल्या हवेचा दाब वाढतो आणि मुलांची ती नळी चटकन उघडत नाही. गिळले की उघडते. म्हणून उतरायला अर्धा तास राहिला की झोपलेल्या मुलाला उठवावे, घोट घोट पाणी पाजावे. मी लाडवाचा चुरा चिमूटचिमूट भरवला.

आणि मग तो प्रसंग. विमान बदलायचे होते त्या युरोपातल्या विमानतळाचे नाव घेत नाही, विमान कंपनीचेही नाही. कारण निम्मी चूक माझी. मुंबईला बाबागाडी विमानाच्या दारात दिली, तिला चिठ्ठी लागली, आणि ती पुढच्या दारात मिळेल असे मी गृहीत धरले. ती थेट शिकागोला गेली होती. मुंबईच्या खिडकीपाशीच विचारायला हवे होते. हातात पोर, पाठीला पिशवी, पुढे चालायला मैलभर पसरलेले विमानतळ, आणि पोर म्हणते, "कडे." खाली ठेवले की तिथेच लोळण.

तेव्हा ते लुगडे आठवले. आमच्याकडे उसाच्या फडात तोडणीला येणाऱ्या बाया पोर पाठीशी बांधून वाकून काम करताना मी दर हंगामात पाहिल्या होत्या. पाहिले होते, शिकले नव्हते. बाकावर बसून मी लुगड्याची घडी केली, पोरीला पाठीशी घेतले, गाठ मारली. पोर सरकत कमरेपर्यंत आली. दुसऱ्यांदा तेच. एम.ए.ची पदवी असल्या वेळी काही कामाला येत नाही. समोर एक आफ्रिकी बाई बसल्या होत्या, अंगावर रंगीबेरंगी वस्त्र. त्या उठून आल्या. त्यांची भाषा मला कळेना, माझी त्यांना. त्यांनी मला खांद्याला धरून वाकवले, पोर वर सरकवली, लुगडे तिच्या बुडाखालून घेऊन माझ्या छातीवर असे ओढून खोचले की गाठीची गरजच उरली नाही. मग पाठीवर एक थाप मारली, ती पोरीला होती की मला, कोण जाणे. माझे दोन्ही हात मोकळे होते.

तशीच मी झडतीच्या रांगेत गेले. मुलाचे दूध, पाणी, खाणे यांना शंभर मिलिलिटरची मर्यादा नाही. लंडनमधला कट २००६ साली उघडकीला आल्यावर तो नियम आला, पण बाळाच्या खाण्याला सवलत आहे. आपण होऊन बाहेर काढून दाखवले की झाले. नाचणीच्या तपकिरी पुडीकडे मात्र अधिकाऱ्याने बराच वेळ पाहिले. मी इंग्रजी नाव सांगितले, "फिंगर मिलेट." त्याने माझ्या बोटांकडे पाहिले, पुडी यंत्राखाली घातली आणि परत दिली. पोर पाठीवरून उतरवावी लागली; पण पलीकडे गेल्यावर मी ती स्वतःच बांधली. गुजराती आजींनी "वाह" म्हटले.

गेल्या महिन्यात केडगावच्या आमच्या आळीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिला दीड वर्षाचा मुलगा घेऊन कॅनडाला जायचे आहे. मी तिला सांगितले, मधला मुक्काम तीन तासांहून कमी घेऊ नकोस, पोराच्या खिशात नाव नि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेव, बाबागाडी कुठे मिळेल ते आधी विचार. तिने सगळे लिहून घेतले. लुगडेही दिले. बांधायला दोन दुपारी गेल्या.

शिकागोला उतरलो तेव्हा तिथे दुपार होती. कागद पाहून झाले, बाबागाडी पट्ट्यावर एकटीच फिरत होती ती घेतली, आणि काचेची दारे उघडली. यजमान समोरच उभे. नऊ महिन्यांत बारीक झाले होते. ते गुडघ्यांवर बसले, हात पसरले. पोर माझ्या पायामागे लपली. तिच्या लेखी बाबा माझ्या फोनमध्ये राहत होता, रोज रात्री जेवताना भेटत होता. हा समोरचा गृहस्थ कोण? तिने माझी पर्स ओढली. "बाबाला फोन कर."

यजमान उठले. चार पावले मागे गेले आणि विमानतळाच्या फुकटच्या वायफायवर तिथूनच त्यांनी फोन लावला. पडद्यावर बाबा आला. तिने पडद्याकडे पाहिले, मग समोर पाहिले. परत पडद्याकडे, परत समोर. मग फोन माझ्या हातात दिला आणि त्यांच्याकडे चालत गेली.