नळीत शिसं नेमकं कुठे साचलं?

रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत डोकावलं आणि पिळदार खाचांत राखाडी, चकाकणारे पट्टे दिसले, तर गोळ्यांचं शिसं चिकटलंय हे ओळखावं. पहिला तर्क सरळ असतो: शिसं मऊ, पोलाद कठीण, घासून चिकटलं, तर कडक गोळी वापरा. गंमत अशी, की पुष्कळदा कडक गोळीनंच नळी जास्त बरबटते!

घर्षणापेक्षा इथे वायूचा हात मोठा. दारू पेटली की गोळीच्या बुडावर विलक्षण दाब येतो. .३८ स्पेशल काडतुसात तो चौरस इंचाला १७,००० पौंडांच्या घरात जाऊ शकतो, .३५७ मॅग्नममध्ये त्याच्या दुप्पट. बेताची मऊ गोळी या दाबानं बुडाशी किंचित फुगते आणि खाचा बुजवून टाकते. हलक्या काडतुसातली फार कडक गोळी फुगत नाही. उरलेल्या फटीतून तप्त वायू घुसतो, गोळीची कड कुरतडतो आणि शिसं पुढच्या पोलादावर फासत जातो. उलट टोकही आहेच. १९३५ साली स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम आणलं, तेव्हा कारखान्याच्या काडतुसांत साधी शिशाची गोळी होती. एवढ्या वेगाला ती पुरी पडेना आणि नळ्या माखू लागल्या.

रिव्हॉल्व्हरची खरी खोच मात्र सिलिंडरमध्ये आहे. गोळी आधी सिलिंडरच्या तोंडातून निघते, बारीकशी फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. खाचांचा व्यास .३५७ इंच असेल, तर शिशाची गोळी साधारण .३५८ची घेतात. फरक इंचाच्या हजाराव्या भागाचा, केसाच्या जाडीहून कमी! पण सिलिंडरचं तोंडच .३५६चं निघालं, तर सोनार पट्टीच्या भोकातून तार ओढून बारीक करतो तशी गोळी तिथेच बारीक होते आणि नळीत सैल पोचते. मग जाड गोळ्या आणून काय उपयोग? जाणत्या कारागिराकडून तोंडं रुंद करून घ्यावी लागतात.

म्हणून शिसं कुठे साचलंय ते आधी पाहायचं. नळीच्या सुरुवातीलाच असेल तर संशय मापावर आणि वायूवर. टोकाकडे असेल तर गोळीवरचं मेणाचं वंगण वाटेत संपलं असावं.

तांब्याचं वेष्टण असलेल्या गोळीत ही कटकट जवळपास नाही. मात्र शिशानं भरलेली नळी ‘साफ’ करायला अशा गोळ्या झाडण्याची जुनी युक्ती मला अजिबात पटत नाही: वाट अरुंद, दाब वाढलेला. ब्राँझचा ब्रश बरा, आणि नंतर हात धुवावेत. शिसं विषारी आहे.

.३५७च्या सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल झाडता येतं, पण त्याचं कवच सुमारे ३ मिलिमीटरनं आखूड. त्याच्या पुढे काजळीचं कडं साठतं. पुढे लांब काडतूस अडलं, तर ते रेटू नये. बाहेर काढून आधी ते कडं खरवडावं.