पेशीची भिंत आणि पिंपरीचं पेनिसिलिन

आज आपण पेशीबद्दल बोलणार आहोत. शब्द शाळेच्या पुस्तकातला आहे, पण सर्दी झाल्यावर मेडिकलमधून आणलेली गोळी लागू का पडत नाही, याचं उत्तर पेशीतच आहे. म्हणून आधी पेशी पाहू, मग गोळीकडे वळू.

चाकणचा कांदा आपल्या रोजच्या ओळखीचा. कांदा चिरताना जाड पाकळीच्या आतल्या बाजूने एक पातळ, आरपार दिसणारी साल सुटते. ती शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की विटांची भिंत रचल्यासारखं दिसतं. त्यातली एकेक वीट म्हणजे एक पेशी. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात अशाच लहान लहान खोल्या पाहिल्याची नोंद केली. कांदा, म्हैस, माणूस, सगळे सजीव पेशींचेच बनलेले. काही जीव तर एवढे लहान, की त्यांचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. रोगजंतूंपैकी जीवाणू हे असेच एका पेशीचे.

आता पेशीच्या आत जाऊ. आपल्या भागात बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी कंपनीत जातं. पेशीही एका छोट्या कंपनीसारखीच आहे. बाहेरून पातळ पडदा असतो, त्याला पटल म्हणतात. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं, हे गेटवरच्या वॉचमनसारखं पटल ठरवतं. आत मधोमध ऑफिस असावं तसं केंद्रक. कोणता माल कसा बनवायचा, याच्या सूचना तिथे जपलेल्या. त्या सूचनांप्रमाणे प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं म्हणजे रायबोझोम. आणि अन्नापासून कामासाठी ऊर्जा मिळवून देणाऱ्या त्या तंतुकणिका. आपल्या जवळपास सगळ्या पेशींची मांडणी अशी असते.

जीवाणूची मांडणी वेगळी. त्याला केंद्रक नसतं, सूचना आत मोकळ्याच असतात. आणि बहुतेक जीवाणूंच्या पटलाबाहेर आणखी एक मजबूत भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात. कांद्याच्या पेशीलाही भिंत असते, पण ती वेगळ्या पदार्थाची. आपल्या पेशीला मात्र भिंतच नाही.

जीवाणूला भिंत कशाला लागते? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते. मीठ-साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. जीवाणूच्या आत क्षार आणि इतर द्रव्यं दाटीने भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत येऊ पाहतं. सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवत राहिलं तर फुटते. जीवाणूचं पटल म्हणजे ट्यूब, भित्तिका म्हणजे टायर.

पेनिसिलिन घाव घालतं ते या टायरवर. जीवाणू वाढताना त्याला भिंत सारखी नव्याने सांधावी लागते. पेनिसिलिन ते सांधकाम अडवतं. भिंत कमजोर होते, पाणी आत शिरतं आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशीला भिंतच नसल्यामुळे तिथे तोडायला काही नाही. म्हणूनच तेच औषध जंतूला मारतं आणि आपल्याला तारतं. मात्र काहींना पेनिसिलिनची ॲलर्जी असते. कधी औषधाने अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावं.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत लागला. आपल्या देशात ते बनवण्यासाठी सरकारने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढलं जाऊ लागलं. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीच्या आजारावरचं औषध शोधलं. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. बुरशीच्या पेशीला आपल्यासारखंच केंद्रक असतं, त्यामुळे तिला वेगळं गाठणं अवघड. पण तिच्या पटलातला स्निग्ध पदार्थ आपल्यापेक्षा वेगळा असतो आणि हॅमायसिन नेमकं त्यालाच धरतं. थोडक्यात, पेशीच्या रचनेतला फरक सापडला की औषध सापडतं.

आता सर्दीचं पाहू. सर्दी आणि फ्लू होतात ते विषाणूंमुळे. विषाणू ही पेशीच नाही. त्याला भिंत नाही, स्वतःची यंत्रं नाहीत. तो आपल्या पेशीत घुसून आपल्याच यंत्रांवर स्वतःचा माल काढतो. मग अँटिबायोटिक तोडणार काय?

कामावर खाडा झाला तर रोज बुडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, शेजारणीलाही द्यायच्या, असं घरोघरी चालतं. पण त्या गोळीने सर्दी एक दिवसही आधी जात नाही. उलट पोटातले उपयोगी जीवाणू मरतात आणि जे चिवट असतात ते उरतात, वाढतात. मग एखाद्या दिवशी बाळाला न्यूमोनिया होतो किंवा बाळंतिणीला जंतुसंसर्ग होतो, आणि तेव्हा तेच औषध चालत नाही. आजचा रोज वाचवायला घेतलेली गोळी अशी महागात पडते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरचा औषधांचा डबा आणावा. ज्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितलं तेवढे दिवस घ्यायचं, मनाने मध्येच बंद करायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि डॉक्टर म्हणाले, “याला अँटिबायोटिक लागत नाही,” तर त्यांनी काही दिलं नाही असं समजू नका. तुमच्या आजारात तोडायला भिंतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. ताप उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र वाट न पाहता आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा.