थेंब पडेपर्यंत

फडकं निघतं आणि दुधातली मलई वेगळी करणारं यंत्र चकाकतं. मग एक दाढीवाला चेहरा. दुसरा, डोळे बारीक केलेला. दांडा फिरू लागतो, चक्राची चमक चेहऱ्यांवरून सरकत जाते. तोटी. पुन्हा चेहरे. तोटीच्या टोकाशी थेंब जमतो, फुगतो, पण दिग्दर्शक त्याला पडू देत नाही, आणखी चेहरे दाखवतो. शेवटी तो पडतो तेव्हा दुधाच्या धारा, कारंजी आणि पडद्यावर नुसते आकडे: गावाच्या दूध मंडळीचे सभासद वाढत चाललेत.

सर्गेई आयझेन्स्टाईनच्या ‘जुने आणि नवे’ या १९२९ सालच्या मूकपटातला हा प्रसंग मी आदिलाबादेत लॅपटॉपवर एकेक तुकडा थांबवत पाहतो. सलग पाहिला तर यंत्रानं लोकांना पटवलं असं वाटतं. थांबवत पाहिला की कात्री दिसते. संशयी चेहरा, तोटी, थोडा कमी संशयी चेहरा: विश्वास बसतो तो दोन तुकड्यांच्या सांध्यात. प्रचार म्हणून हे इतकं चोख आहे की राग येण्याआधी दाद जाते.

कापसाच्या हंगामात इथल्या मार्केट यार्डात असेच चेहरे दिसतात. बेल्याकडून, पैनगंगेच्या काठच्या गावांतून कापसाच्या गाड्या येतात. मॉइश्चर मीटरची सळई कापसात जाते आणि शेतकरी आकड्याकडे बघतो. आठ टक्क्यांपर्यंत सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होते, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक टक्क्याला ८१ रुपये १० पैसे गेले. गाडीतला वरचा कापूस उन्हानं सुकतो, आतला दमट राहतो. म्हणून खरा वाद सळई कुठे खुपसायची यावर होतो. “अन्ना, इथं लावून बघा ना” असा मराठीत सुरू झालेला वाद तेलुगूत संपतो. इथे थेंब लांबवणारं कुणी नाही. आकडा लगेच उमटतो आणि मागची गाडी पुढे येते.

आयझेन्स्टाईनच्या या चित्रपटाचं काम १९२६ मध्ये सुरू झालं, त्याच्याच ‘ऑक्टोबर’ या चित्रपटासाठी मध्येच थांबलं आणि १९२८ मध्ये पुन्हा हाती घेतलं गेलं. तोवर पक्षाचं शेती-धोरण बदललं होतं. स्टालिननं शेवट बदलायला लावला, ‘जनरल लाइन’ हे नावही गेलं. नायिका मार्फा लापकिना खरीच शेतकरी बाई होती, पडद्यावरही स्वतःच्याच नावानं वावरली. तिच्या मंडळीत माणसं मनानं येतात. प्रत्यक्षात चित्रपट लागल्यानंतरच्या काही महिन्यांत सक्तीचं सामूहिकीकरण सुरू झालं, आणि १९३२-३३ मध्ये धान्य उचलून नेलेल्या गावांत लाखो माणसं उपाशी मेली.

तरी सुरुवातीचा भाग खोटा नाही. दोन भाऊ वेगळे होतात आणि अख्खं घर करवतीनं मधोमध कापतात. भाऊबंदकीचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पावसासाठी मूर्ती घेऊन निघालेली मिरवणूक पाहताना धोंडी आठवते. मात्र धोंडीत पोरांची मजा असते, ती आयझेन्स्टाईनच्या मिरवणुकीत औषधालाही नाही. त्याला फक्त धाप लागलेली माणसं आणि मेंढरं हवी होती. दोव्झेन्कोचा ‘भूमी’ (१९३०) हा चित्रपट जास्त मोकळा वाटतो. त्यात ट्रॅक्टरचं पाणी संपतं तेव्हा गडी त्यातच लघवी करतात, मग तोच ट्रॅक्टर धुरे मोडत जातो आणि चालवणाऱ्या वासिलचा त्यापायी खून होतो. धुऱ्यावरून डोकी फुटलेल्या मुलखात याचं आश्चर्य वाटायला नको.

आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला १९२५ साली. त्यात शांतारामांनी केलेल्या तरुण शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. ना मंडळी, ना यंत्र, ना वाढते आकडे. कुणाचा हुकूम पाळायचा नव्हता, म्हणूनही असेल.

आयझेन्स्टाईनच्या दुधाचा गिऱ्हाईक मात्र मला पडद्यावर कुठे सापडला नाही. यार्डातला माणूस आधी तेच विचारेल: घेतो कोण आणि भाव काय? पैसा मात्र दिसतो. मंडळीची पेटी भरते तसे सभासद तिच्यावर तुटून पडतात, आत्ताच वाटून टाका म्हणतात. मार्फा पेटीवर आडवी पडते, वळूसाठी ठेवलेत म्हणून भांडते. बचत गटाच्या बैठकीला बसलेल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग रशियन पाटी न वाचता कळेल.