साडेआठ गुण, पण कशाचे?
पडद्यावरचे खेळ : लेखांक ६

गेम तयार कसा होतो, हे मागच्या आठवड्यात पाहिले. तयार झालेला गेम चांगला की वाईट, हे ठरवायचे कसे, हा आजचा विषय.

गुणपत्रिकेचे राजकारण इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर सलग सात वेळा पहिले आले. सातव्यांदा सुरतेबरोबर विभागून. पुढच्या सर्वेक्षणाचा निकाल जुलै २०२५ मध्ये लागला, तेव्हा इंदूरला ‘सुपर स्वच्छ लीग’ नावाच्या वेगळ्या पंक्तीत बसवलेले होते. तेच ते शहर दरवर्षी पहिले येऊ लागले की क्रमवारीतून नवे काही कळत नाही, मोजपट्टीच बदलावी लागते. गेमच्या समीक्षेवर ही वेळ कधीच येऊन ठेपली आहे, पट्टी मात्र जुनीच चालू आहे.

दहापैकी गुण म्हणायचे, पण वापरात असतो पट्टीचा वरचा तुकडा. सात म्हणजे ‘बरा’, सहा म्हणजे ‘नको’, आणि त्याखाली सगळा शुकशुकाट. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी मेटाक्रिटिक ही साइट २००१ पासून चालू आहे. तिथे चित्रपटाला शंभरात ६१ मिळाले तरी हिरवा रंग लागतो. गेमला त्याच रंगासाठी ७५ मिळवावे लागतात. शिवाय कोणत्या समीक्षकाच्या मताला किती वजन दिले, हे साइट उघड करत नाही.

तरीही या आकड्यावर लोकांचे पैसे अडकतात. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा गेम २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असा तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा करार होता. मिळाले ८४. एका गुणाने बोनस हुकल्याचे कंपनीचे ख्रिस अव्हेलॉन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले.

‘सायबरपंक २०७७’ची गोष्ट याहून बोलकी आहे. १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात आला. समीक्षकांना आधी मिळाली होती ती कॉम्प्युटरवर चालणारी प्रत, आणि तिच्यावर त्यांनी भरभरून गुण दिले. जुन्या प्लेस्टेशन ४ वर मात्र तोच गेम अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पुढच्या जूनमध्ये परत ठेवला. समीक्षकांचे गुण खोटे नव्हते. ते दुसऱ्याच यंत्राचे होते. आपल्याकडची बहुतेक मुले साध्या मोबाइलवर खेळतात. महागड्या यंत्रावर दिलेले साडेआठ गुण त्यांच्या काय कामाचे?

मग आकडाच काढून टाकावा का? युरोगेमर या ब्रिटिश साइटने २०१५ मध्ये तसे करून पाहिले. ‘आवर्जून खेळा’, ‘खेळायला हरकत नाही’, ‘टाळा’ अशा धाटणीचे शेरे सुरू केले. २०२३ मध्ये ती पुन्हा ताऱ्यांवर आली. जपानच्या फामित्सु मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे छापले जातात. त्यामुळे एकाला आवडले, दुसऱ्याला नाही, हे निदान दिसते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळणारेच अंगठा वर किंवा खाली करतात. तिथे एकूण मत आणि अलीकडचे मत वेगळे दाखवतात, ही सोय मोलाची. कारण गेम आता विकल्यानंतरही बदलत राहतो.

पुन्हा स्वच्छ सर्वेक्षणाकडेच पाहा. त्याची एकूण बेरीज वर्तमानपत्राच्या मथळ्याला पुरते. पालिकेला कामाला येतात ते बाबवार गुण : कचरा घरोघरी उचलला का, ओला-सुका वेगळा झाला का, शौचालये कशी आहेत. गेमलाही असेच बाबवार तपासता येईल. चालतो कसा आणि कोणत्या यंत्रावर? खेळायला मजा येते का? गोष्ट, चित्रे, संगीत कसे? भाषा कोणती? आणि हे मत कोणत्या तारखेचे, कोणत्या आवृत्तीचे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या कसोटीला लावून पाहू. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला सोडवायला निघालेल्या राजीची ही गोष्ट. ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला. राजस्थानी धाटणीचे महाल आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा यांचे खूप कौतुक झाले; लढाईतला अवघडलेपणा आणि लवकर संपणारा खेळ यांवर टीकाही झाली. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि ‘ठीकठाक’ एवढेच हाती उरते. चित्रांसाठी खेळणाऱ्याला हा गेम कमी लेखल्यासारखा वाटेल, मारामारीसाठी घेणाऱ्याला फसल्यासारखे. त्यात २०२२ मध्ये हिंदी संवाद आणि दुरुस्त्यांसह नवी आवृत्ती आली. इंदूरच्या घरात हिंदी संवाद ही केवढी मोठी बाब! २०२० च्या गुणांत तिचा पत्ता असणार कुठून?

तेव्हा घरातल्या मुलाने ‘बाबा, याला साडेआठ मिळालेत, घेऊ का?’ असे विचारले, तर पाकीट काढण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणत्या यंत्रावर, कधी आणि कशाबद्दल? उत्तर मिळाले तर तो आकडा उपयोगाचा. नाही मिळाले, तर ती जाहिरात समजा.

समीक्षक निदान नाव देऊन लिहितो. एका रात्रीत हजारो निनावी माणसे राग काढायला शून्य गुण देतात, तेव्हा काय करायचे, ते पुढच्या लेखात.