कार्डात पंधरा हजार, बाजारात मोजकेच

१९९०च्या दशकात जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात ब्रिक गेम मिळायचा. करड्या पडद्यावर काळे चौकोन, खाली पिवळी किंवा लाल बटणं, मागे पेन्सिल सेल आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात त्यात ठोकळे रचणं, गाडी चालवणं, साप वाढवणं, रणगाडा उडवणं असे मोजकेच खेळ असत. वेग आणि पातळी यांची प्रत्येक जोडी वेगळा गेम म्हणून मोजली, की आकडा हवा तेवढा फुगवता येई. टीव्हीला जोडायच्या आठ-बिट गेमच्या कॅसेटांवर तर ‘९९९९९९९ इन १’ असंही छापलेलं असे आणि यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून तेच गेम नव्या नावानं परत येत.

तो आकडा आता मेमरी कार्डावर आला आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४वरच्या पांढरकवड्यात, म्हणजे केळापूर तालुक्याच्या मुख्यालयात, कुरिअरनं आज काहीही पोहोचतं. त्यात आर३६एससारखे चिनी हँडहेल्डही आले. जाहिरात सांगते : ६४ जीबी कार्ड, १५,०००हून अधिक गेम, किंमत साध्या मोबाइलपेक्षा कमी. घेणाऱ्याला वाटतं, जगातले सगळे जुने गेम हाती आले, आता शोधायचं काही उरलं नाही. जुन्या गेमबद्दलचे बरेचसे गैरसमज या एका समजुतीतून सुरू होतात.

आधी आकडा तपासू. निन्टेन्डोनं १९८९ साली बाजारात आणलेल्या मूळ गेम बॉयसाठी अधिकृतपणे निघालेले गेम सुमारे हजारभर आहेत. पंधरा हजारांचा पल्ला गाठायला आठ-दहा वेगवेगळ्या यंत्रांचे गेम एकत्र करावे लागतात. मग एकाच गेमची जपानी, अमेरिकन आणि युरोपीय आवृत्ती तीनदा मोजायची आणि हौशी लोकांनी बदल करून सोडलेल्या आवृत्त्या त्यात मिसळायच्या. ज्याला मारिओ खेळायचा आहे, त्याला एकाच नावाच्या ओळींमधून नीट चालणारी प्रत शोधत बसावं लागतं.

दुसरा गैरसमज जागेचा. ‘गेम जास्त, तर जीबी जास्त’ हे आजच्या गेमबाबत खरं आहे, जुन्यांबाबत जवळजवळ नाही. गेम बॉयचा टेट्रिस ३२ किलोबाइटचा होता. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा. मोबाइलवर काढलेला साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पोकेमॉन रेड एका मेगाबाइटमध्ये बसला आणि गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटची नेहमीची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट होती. मूळ गेम बॉयसाठी निघालेला प्रत्येक गेम एकत्र केला, तरी एक जीबी भरत नाही.

जागा खातात ते सीडी आणि तिच्या पुढच्या काळातले गेम. पहिल्या प्लेस्टेशनची एक सीडी साधारण ६५० मेगाबाइटची, आणि काही गेम तीन-चार सीड्यांवर पसरलेले. सोनीच्या पीएसपीच्या यूएमडी चकतीत १.८ जीबीपर्यंत माल मावायचा. म्हणून १२८ जीबीचं कार्ड घेण्याआधी आपण नेमक्या कोणत्या काळातले गेम खेळणार आहोत, एवढा एकच प्रश्न विचारावा. आठ आणि सोळा बिटांच्या गेमवर ज्याचा जीव आहे, त्याला ८ जीबीही पुष्कळ झालं.

कार्ड लावल्यावर ‘६४ जीबी’ऐवजी ५९.६ दिसतात, तेव्हा दुकानदारानं फसवलं असं वाटतं. यात फसवणूक नाही. कार्ड बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर संगणक १,०७,३७,४१,८२४ बाइट. भाग दिला की ५९.६च येतात. फसवणूक असते ती वेगळीच, आणि हँडहेल्डसोबत येणाऱ्या निनावी कार्डांत तिची भीती अधिक. ८ जीबीच्या चिपला ‘मी ६४ची आहे’ असं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढची फाइल मात्र आधीच्या फाइलवर लिहिली जाते किंवा कुठंच लिहिली जात नाही. कार्डाचं नाव, वेष्टन, दाखवलेली क्षमता यांवरून हे कळत नाही. कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणारं एफ३सारखं मोफत साधन हाच भरवशाचा उपाय. अशा तपासणीत आधीचा माल पुसला जाऊ शकतो, म्हणून कार्डात जे आहे ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं.

सगळी कार्डं सगळीकडे चालतात, हेही खरं नाही. पीएसपीला मेमरी स्टिक लागते, पीएस व्हिटाला सोनीचं स्वतःचं कार्ड. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ला गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्सप्रेसच हवं. घरातलं जुनं मायक्रोएसडी आकारानं तंतोतंत बसतं, पण त्यावर गेम उतरत नाही.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज : अधिकृत दुकानातून पैसे देऊन डाउनलोड केलेला गेम कायमचा आपला. निन्टेन्डोनं ३डीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली, पण जे केवळ त्या दुकानातच विकले जात होते, ते नव्या ग्राहकाला कोणत्याही किमतीला मिळेनासे झाले. सोनीनं मार्च २०२१मध्ये पीएस३, व्हिटा आणि पीएसपी या तिन्हींची दुकानं मिटवण्याची घोषणा केली होती. खेळणाऱ्यांनी इतका विरोध केला की १९ एप्रिलला कंपनीला पहिल्या दोन दुकानांचा निर्णय मागे घ्यावा लागला. पीएसपीवरची खरेदी मात्र त्या जुलैत थांबलीच. १ जानेवारी २०२५पासून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात डिजिटल विक्रेत्यांना स्पष्ट सांगावं लागतं, की ग्राहक वस्तू नव्हे, वापराचा परवाना घेतो आहे. अशी सूचना खरेदीच्या बटणाशेजारी इथल्या ग्राहकालाही दिसायला हवी.

‘जुने गेम काय, कुठेही मिळतात’ या वाक्याला उत्तर म्हणून एक अभ्यास समोर ठेवता येतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या अमेरिकेतल्या संस्थांनी जुलै २०२३मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर केले. २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज तिथं अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. गेम बॉयच्या बाबतीत तर शंभरातले सहासुद्धा बाजारात नाहीत. ही अमेरिकेची स्थिती, जिथं या कंपन्या नियमितपणे माल विकतात. निन्टेन्डोचा पहिला स्विच भारतात कधी अधिकृतपणे विक्रीलाच आला नाही. नागपुरात किंवा पांढरकवड्यात दिसतो तो आयात केलेला. त्यामुळे पैसे मोजायची तयारी असलेल्या इथल्या माणसालाही सरळ वाट सहज सापडत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चोरीवर व्याख्यान देणं अन्यायाचं होईल.

तरीही ‘इतका जुना गेम, त्याचा कॉपीराइट कधीच संपला असेल’ हा समज चूकच आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि साहित्यकृतीवरचा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टेट्रिस १९८४चा आहे. गेम बाजारात नसणं आणि त्यावर कुणाचा हक्क नसणं, या दोन निराळ्या गोष्टी. ‘चोवीस तासांत डिलीट केलं तर चालतं’ अशी सवलत भारतीय कायद्यात कुठेही नाही. एक सवलत आहे ती कलम ५२ (१) (कक) मध्ये : ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, तो ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून राखीव प्रत करू शकतो. स्वतःची पीएसपी चकती असणाऱ्याला या कलमाचा आधार आहे. पंधरा हजार गेम भरून विकणाऱ्या दुकानाला तो मिळत नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे, की इम्युलेटर म्हणजे बेकायदा वस्तू. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम स्वतः लिहिणं हा गुन्हा नाही. प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या बाजूनं अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं २००० साली निकाल दिला. एप्रिल २०२४मध्ये ॲपलनंही आपल्या ॲप स्टोअरमध्ये जुन्या गेमच्या इम्युलेटरना वाट मोकळी केली. त्याच्या महिनाभर आधी युझू या स्विचच्या इम्युलेटरमागच्या मंडळींनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर द्यायचं मान्य करून काम थांबवलं होतं. तो वाद बाजारात चालू असलेल्या यंत्राचा आणि त्याचं कुलूप तोडण्याचा होता. यंत्राची नक्कल, कुलूप तोडणं आणि गेमची प्रत वाटणं या तीन बाबी कायदा वेगवेगळ्या तोलतो.

टिकाऊपणाबद्दलच्या समजुतींत सर्वांत लाडकी म्हणजे फुंकर. कॅसेट चालली नाही की काढायची, जोरात फुंकायची, परत बसवायची, आणि ती चालायची! काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिना नव्यानं टेकायच्या. फुंकरीतला ओलावा धातूला गंज चढवतो, म्हणून निन्टेन्डोनंच फुंकू नका असं बजावलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी पिनांवरून फिरवणं हा योग्य उपाय.

कार्डात गेला तो गेम सुरक्षित, ही समजूत विदर्भात तर फारच धोक्याची. फ्लॅश कार्डातला माल म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. कार्ड वापराविना पडून राहिलं की तो हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत लवकर झिरपतो. निन्टेन्डोनं जुलै २०२२मध्ये स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्येच वापरण्याचा सल्ला दिला होता. केळापूर तालुक्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या हँडहेल्डची लिथियम बॅटरी फुगायला वेळ लागत नाही. पाठ थोडी जरी वर आली दिसली, तर चार्जिंग तिथंच थांबवावं.

गेमपेक्षा मौल्यवान असते ती खेळणाऱ्यानं केलेली प्रगती, आणि तिला जागा नगण्य लागते. पोकेमॉन रेडची सेव्ह फाइल ३२ किलोबाइटची. मूळ कॅसेटमध्ये ती एका बटण सेलवर जगते. सेल संपला की सगळं पुसलं जातं, आणि पुढच्या पोकेमॉन गोल्डमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालत असल्यानं तो आणखी लवकर संपतो. सेल बदलण्यापूर्वी सेव्ह संगणकावर उतरवून घेतली नाही, तर बदलतानाच ती जाते. नव्या हँडहेल्डवर अनेकजण ‘सेव्ह स्टेट’वर, म्हणजे इम्युलेटरनं त्या क्षणी गोठवून ठेवलेल्या गेमच्या स्थितीवर विसंबतात, पण ते इम्युलेटरच्या त्या विशिष्ट आवृत्तीशी बांधलेलं असतं आणि आवृत्ती बदलल्यावर उघडेलच असं नाही. गेमच्या आतून केलेली सेव्ह अधिक भरवशाची. दर महिन्याला ती फाइल स्वतःच्याच ईमेलला पाठवून ठेवली तरी पुरे. वीज गेल्यावर किंवा बॅटरी तळाला जाताना कार्डावर लिहिणं अर्धवट राहिलं, तर अख्खी फाइल-यादी बिघडू शकते, म्हणून यंत्र मेन्यूतून बंद करावं.

आणि शेवटचा समज, ज्याचं सर्वाधिक वाईट वाटायला हवं : आपल्याकडे जपण्यासारखे गेम झालेच कुठे? झाले. मुंबईच्या ट्राइन स्टुडिओनं ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्ली क्रिकेटचा गेम पीएस२ आणि पीएसपीसाठी केला. हैदराबादच्या गेमशास्त्रनं २००९मध्ये ‘देसी अड्डा’ हा देशी खेळांवरचा गेम त्याच दोन यंत्रांवर आणला. विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे डिस्नेनं विकत घेतलेल्या इंडियागेम्सनं नोकियाच्या काळात मोबाइलवर कितीतरी खेळ दिले. खिशात गेम घेऊन फिरणं इथल्या पोट्ट्यांना शिकवलं ते त्या फोनांनी. पंधरा हजारांच्या चिनी कार्डात हे मोबाइल गेम शोधून सापडणं कठीण, कारण ती कार्डं जपानी आणि अमेरिकी यंत्रांच्या याद्यांवरून भरली जातात.

नोकियाच्या काळातल्या या मोबाइल गेमची, म्हणजे जावा गेमची, अडचण विशेष आहे. एकाच गेमच्या वेगवेगळ्या पडद्यांसाठी आणि हँडसेटसाठी निरनिराळ्या प्रती केल्या जात, ग्राहक आपल्या फोनची प्रत मोबाइल कंपनीच्या पोर्टलवरून जीपीआरएसनं उतरवून घेई, आणि बऱ्याचदा ती त्या फोनातून बाहेर पाठवता येत नसे. फोन गेला की प्रत गेली. तरी काही फोनांत आणि त्यांच्या मेमरी कार्डांत या गेमच्या जार फाइली अजून असतील. जुना नोकिया चालू होत असेल, तर केबलनं किंवा ब्लूटूथनं त्या फाइली संगणकावर घ्याव्यात, फोनचं मॉडेल आणि पडद्याचं माप फाइलच्या नावात लिहावं आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात. जे२एमई लोडर नावाचं मोफत ॲप त्यातल्या पुष्कळ फाइली आजच्या अँड्रॉइड फोनवर चालवतं, आणि बहुतेकांचा आकार एक मेगाबाइटच्या आतच असतो.