वाहून गेलेलं रक्त पुन्हा स्वतःच्याच अंगात!

मिरज-बेळगावकडून रात्रभर धावत येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी यशवंतपूरला थांबते. तिथून मल्लेश्वरम अगदी हाकेच्या अंतरावर. मराठी माणसाला हा भाग तसा परका नाही. इथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पण या गाडीतून उतरणारे सगळेच काही देवदर्शनाला येत नाहीत. काहींच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं, काखेत रिपोर्टांची फाईल. बंगलोरच्या मोठ्या रुग्णालयांत यकृताचं, म्हणजे लिव्हरचं प्रत्यारोपण होतं, म्हणून ही मंडळी इतक्या लांब येतात. आणि ऑपरेशनची तारीख ठरली की एक वाक्य कानावर येतं: ‘रक्ताची सोय करून ठेवा.’

परक्या गावात, परक्या भाषेत रक्त कुणाकडे मागायचं? आणि मागायचं तरी किती?

लिव्हरच्या ऑपरेशनची हीच मोठी अडचण. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. तेच निकामी झालं की जखमेतून येणारं रक्त लवकर थांबत नाही. त्यात यकृत निबर झाल्यानं पोटातल्या शिरा तटतटून फुगलेल्या असतात आणि पाणथरी वाढल्यामुळे प्लेटलेट्सही कमी झालेल्या असतात. अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी माणसावरचं पहिलं यकृतारोपण करून पाहिलं. तीन वर्षांचा मुलगा होता तो. रक्तस्राव थांबलाच नाही आणि टेबलावरच त्यानं प्राण सोडला. आपल्याकडे पहिलं यशस्वी यकृतारोपण व्हायला नोव्हेंबर १९९८ उजाडला. दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. तो मुलगा पुढे स्वतःच डॉक्टर झाला!

पूर्वी अशा ऑपरेशनला वीस-पंचवीस बाटल्या रक्त लागलं तरी कुणाला नवल वाटत नसे. (रक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत येऊ लागून किती वर्षं झाली, तरी आपल्या तोंडी ‘बाटली’च.) आता सरावलेले सर्जन आणि भूलतज्ज्ञ कितीतरी कमी रक्तात भागवतात. त्यांच्या मदतीला असतं एक यंत्र. डॉक्टर त्याला ‘सेल सेव्हर’ म्हणतात. रुग्णाचं सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन ते त्यालाच परत द्यायचं, एवढंच त्याचं काम.

कल्पना जुनीच आहे. एडिनबरोच्या जॉन डंकन यांनी १८८६ साली असा अनुभव लिहून ठेवला. पाय कापताना सांडलेलं रक्त त्यांनी रुग्णाला परत दिलं होतं. गर्भ नळीत फुटून बाईचं पोट रक्तानं भरलं आणि रक्तपेढी जवळ नसली, तर तेच रक्त वाटीनं काढून, गॉजच्या घड्यांतून गाळून शिरेतून परत देण्याचा उपायही डॉक्टरांनी केलेला आहे. यंत्राचं काम याहून खूपच नेटकं. पोटातलं रक्त नळीनं ओढलं जातं. त्याच क्षणी त्यात गोठू न देणारं औषध मिसळतं. ते जाळीतून गाळून एका वाडग्यात जातं आणि वाडगा गरगर फिरू लागतो. तांदूळ धुताना दाणे खाली राहतात आणि धुवण आपण ओतून देतो ना, तसंच. जड तांबड्या पेशी एकीकडे साचतात, बाकीचं पाणी बाहेर जातं. मग सलाईननं धुतलेल्या स्वच्छ पेशी पिशवीत भरून रुग्णाला चढवतात. काही मिनिटांचा खेळ! रक्त स्वतःचंच, त्यामुळे गट जुळवणं नको आणि दुसऱ्याच्या रक्तातून काविळीसारखा आजार येण्याची धास्तीही नको.

पण धुवणाबरोबर प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारे घटकही निघून जातात, आणि लिव्हरच्या रुग्णाला नेमकी त्यांचीच वाण असते. म्हणजे ते रक्तपेढीतूनच आणावे लागतात. तेव्हा ‘मशीन आहे, मग रक्तदाते कशाला?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आतड्यातली घाण किंवा पू मिसळलेलं रक्त सहसा परत देत नाहीत. यकृतात कर्करोगाची गाठ असेल तर डॉक्टर बिचकतात, कारण पेशींबरोबर रोगही पसरेल अशी शंका असते. खास गाळणी लावून काही ठिकाणी तेही करतात. तसा धोका वाढल्याचं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, तरी निर्णय डॉक्टरांवरच सोडलेला बरा. यंत्राची नळ्या-वाडग्याची जोडणी प्रत्येक रुग्णासाठी नवी लागते आणि ती स्वस्त नसते. थोडंच रक्त जाणार असेल तर तो खर्च फुकट.

ज्यांच्यासाठी या यंत्राचं मोल सर्वांत जास्त, त्यांचं नातं मात्र आपल्या मुंबईशी आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकातून एक नवाच रक्तगट जगापुढे आणला. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. भारतात साधारण १०,००० जणांत एखाद्याचा हा गट असतो. त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. म्हणूनच २०२४ साली शिर्डीचा एक रक्तदाता गाडीनं चारशेहून अधिक किलोमीटर दूर इंदूरला गेला, एका अनोळखी बाईसाठी! अशा रुग्णाच्या ऑपरेशनमध्ये त्याच्या स्वतःच्या रक्ताचा प्रत्येक थेंब किती लाखमोलाचा, ते वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. तेव्हा घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं, तर रक्तगटाची उलट तपासणीही झाली का, हे रक्तपेढीत आधीच विचारून घ्या. नि भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा सेल सेव्हर आहे का, आमच्या रुग्णाला चालेल का आणि वेगळे पैसे किती पडतील, हेही विचारा. विचारायला भाषा आड येत असेल, तर चिठ्ठीवर लिहून न्या.