एका आउटडोअरवर किती खोल्या?

पुण्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की एसीचा विषय निघतो, आणि पहिली अडचण येते ती आउटडोअर युनिटच्या जागेची. बिल्डरने दिलेल्या सज्जावर एकच मावतं, बाहेरच्या भिंतीवर दुसरं लावायला सोसायटी परवानगी देत नाही. मग मल्टि-स्प्लिटचा पर्याय पुढे येतो : बाहेर एक यंत्र, आत तीन-चार. इथवर सगळं बरोबर आहे. घोळ होतो तो यानंतर, यंत्र केवढं घ्यायचं हे ठरवताना.

"१२० चौरस फुटांपर्यंत एक टन, त्यापुढे दीड" हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पण टन हे खोलीचं माप नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. म्हणजे मोजायची ती खोलीत शिरणारी उष्णता. १२ बाय ११च्या दोन बेडरूम घ्या. एक चौथ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीची. दुसरी सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला दोन चौरस मीटर उघडी काच असलेली. मे महिन्यात दुपारी चारला त्या काचेतून किलोवॅटभर ऊन आत येतं. वरचा उघडा स्लॅब आणखी किलोवॅटभर टाकतो, आणि तोही उशिरा, कारण दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी आत उष्णता सोडत बसतं. चौरस फूट दोन्हीकडे सारखेच, पण उष्णतेत अर्ध्या टनाहून जास्त फरक.

"मग थोडं मोठंच घेऊ, कमी पडायला नको." मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते, कारण ते शहाणपणाचं वाटतं. जुलैतली मुंबईची रात्र आठवा. बाहेर २७ अंश, हवेत पाणीच पाणी. लहान बेडरूममध्ये दीड टनाचं इनडोअर. थोड्याच वेळात २४ अंश येतात आणि थंडावा बंद होतो. हवेतलं बाष्प कॉइलवर जमून ड्रेन पाइपातून बाहेर जायचं तर कॉइल बराच वेळ थंड राहावी लागते. ती तशी राहत नाही, आणि तिच्यावर उरलेलं पाणी पंख्याच्या वाऱ्याबरोबर परत खोलीत येतं. पहाटे चादर गार लागते, पण ओलसर. कपाटातल्या चामडी बुटांवर पांढरी बुरशी धरते. घरचे म्हणतात एसी कमी पडतोय, आणि रिमोटवर २० करतात. खरं तर तो जास्त झालेला असतो.

यावर उत्तर मिळतं, "इन्व्हर्टर आहे हो, आपोआप कमी होईल." होतो, पण एका मर्यादेपर्यंतच. कॅटलॉगमध्ये क्षमतेचे आकडे पाहिले तर नेहमीच्या आकड्याशेजारी किमान आणि कमाल असे आणखी दोन आकडे सापडतात. कमाल सगळे बघतात. मल्टि-स्प्लिटमध्ये किमान तितकाच महत्त्वाचा. चार खोल्यांसाठी घेतलेलं आउटडोअर दोन किलोवॅटच्या खाली उतरत नसेल आणि रात्री एकाच बेडरूमला पाऊण किलोवॅट हवा असेल, तर कॉम्प्रेसर रात्रभर चालू-बंद होत राहणार. वीज जाते, यंत्र झिजतं, दमटपणा तसाच राहतो. घरात बहुतेक वेळ एकच खोली चालू असते, त्यामुळे हा अपवाद नाही, रोजची गोष्ट आहे.

दुसरी चूक बेरजेची. हॉलला पाच किलोवॅट आणि तीन बेडरूमना तीन-तीन, एकूण चौदा; म्हणून आउटडोअरही चौदाचं, हे बरोबर वाटतं. पण हॉलचा भार संध्याकाळी पाचला शिगेला पोचतो, तेव्हा बेडरूम रिकाम्या असतात. रात्री अकराला तिन्ही बेडरूम चालू असतात, पण ऊन गेलेलं असतं आणि हॉल बंद. म्हणून प्रत्येक तासाची वेगळी बेरीज करून त्यातली सर्वांत मोठी धरायची. या घरात ती नऊ-दहा किलोवॅटच्या पुढे जाणार नाही. इनडोअरची एकूण क्षमता आउटडोअरच्या किती पट चालते हे कंपनी ठरवून देते. अनेक यंत्रांत ती १३० टक्क्यांपर्यंत असते. अकरा किलोवॅटच्या आउटडोअरवर चौदाचे इनडोअर त्या मर्यादेत बसतात. पाहुणे आले आणि चारही खोल्या एकदम चालू केल्या तर प्रत्येकीला थोडं कमी मिळेल, एवढंच. ऑफिसं आणि हॉस्पिटलं वापरतात ती व्हीआरएफ यंत्रणा, जी डायकिनने १९८२मध्ये जपानात प्रथम आणली, तिथेही आउटडोअर निवडताना हाच विचार होतो.

विदर्भासाठी एक वेगळी सूचना. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपुरात पारा ४५ला टेकला की ती घटते. किती, ते कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात मिळतं, आणि ते मागून घ्यावं. त्यातच आउटडोअर अरुंद सज्जात जाळीमागे कोंडलेलं असेल तर स्वतःचाच गरम श्वास ते परत ओढतं. सज्जासमोरची शोभेची जाळी काढली तर फुकटात क्षमता परत मिळते.

हीट पंप असलेलं यंत्र थंडीत खोली गरमही करतं, आणि एका युनिट विजेत साध्या हीटरच्या दुप्पट-तिप्पट उष्णता देतं. पण आजीला गरम आणि नातवाला गार, असं एकाच वेळी साध्या मल्टि-स्प्लिटवर होत नाही. त्यासाठी वेगळी, महाग यंत्रणा लागते.

एका आउटडोअरमुळे वीज वाचते, असंही ऐकू येतं. तसा नियम नाही. जागा असेल तर चांगल्या स्टारचे वेगवेगळे स्प्लिट अनेकदा कमी वीज खातात, आणि एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात. मल्टि-स्प्लिटमध्ये एक कॉम्प्रेसर गेला की भर उन्हाळ्यात सगळं घर थांबतं. शिवाय सगळ्या खोल्यांचा गॅस एकाच नळीजाळ्यात असतो. आर-३२ हा गॅस मंद का होईना, जळणारा आहे. गळती सर्वांत लहान खोलीत झाली तर सगळा तिथेच जमू शकतो. म्हणून गॅसचं वजन त्या खोलीच्या क्षेत्रफळाशी ताडून बघावं लागतं. स्टडीरूमला इनडोअर लावताना हे हमखास राहून जातं.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर टन ठरवण्याआधी गच्ची बघा. उघड्या स्लॅबमधून अंशामागे दर चौरस मीटरला साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता येते. केंद्र सरकारच्या २०१८च्या 'इको निवास संहिते'त छताची मर्यादा १.२ वॅट आहे. उष्णतारोधक थर देऊन ती गाठली, तर त्याच १२ बाय ११च्या बेडरूमचा भार तीन किलोवॅटवरून सव्वादोनच्या आसपास येतो.